वाचकांचे प्रश्न : ‘डबल हेलिक्स’मधली माणसं आणि त्यांचं म्हणणं

जेम्स वॉटसन ६ नोव्हेंबर २०२५ रोजी वयाच्या ९७व्या वर्षी गेला. त्यानंतर त्याच्या ‘द डबल हेलिक्स’ (१९६८) या आठवणींच्या पुस्तकाबद्दल बरीच पत्रं आली, त्यातली काही इथे घेतली आहेत.

पुस्तक न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. डीएनएची दुपेडी रचना १९५३ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी जुळवली. क्ष-किरणांचे प्रत्यक्ष प्रयोग चालले होते लंडनच्या किंग्ज कॉलेजात, मॉरिस विल्किन्स आणि रोझलिंड फ्रँकलिन यांच्याकडे, आणि या दोघांचं आपसात पटत नव्हतं. १९६२चं नोबेल क्रिक, वॉटसन आणि विल्किन्सला मिळालं. फ्रँकलिन १९५८ सालीच, वयाच्या ३७व्या वर्षी कर्करोगाने गेली होती. पुढे वॉटसनने हे सगळं चोविशीतल्या पोराच्या नजरेने आणि तोंडाला येईल तसं लिहून काढलं. खाली चौघांचाही उल्लेख आम्ही आडनावाने आणि एकेरीच केला आहे. तसं का, ते तिसऱ्या उत्तरात कळेल.

फोटो ५१ चोरला होता, हे खरं की खोटं? एका ओळीत सांगा.
— बीएस्सीची विद्यार्थिनी, कोल्हापूर

एका ओळीत : चोरला नाही, पण जिचा होता त्या फ्रँकलिनला न विचारता दाखवला गेला, आणि जास्त मोलाची गोष्ट फोटो नव्हतीच, एक अहवाल होता. पण एका ओळीत हे पटणार नाही.

आधी हा फोटो, म्हणजे डीएनएच्या धाग्यावर क्ष-किरण सोडून फिल्मवर उमटवलेला ठसा, कसा काढतात ते पाहा. डीएनए वासराच्या थायमस ग्रंथीतून काढलेला होता, स्वित्झर्लंडच्या रुडॉल्फ सिग्नरने तयार केलेला. तो पाण्याने भिजला की चिकट लगदा होतो. काचेच्या कांडीचं टोक लावून हळूच उचललं की पाकाची तार निघावी तसा धागा निघतो. हा धागा कॅमेऱ्यात ताणून बसवायचा. कॅमेऱ्यातली हवा काढून हायड्रोजन भरायचा, कारण हवेने किरण विखुरतात आणि फिल्म धुरकटते. हायड्रोजन आत सोडण्याआधी क्षाराच्या संपृक्त द्रावणातून बुडबुडत न्यायचा. क्षार कोणता घेतला यावर आतला दमटपणा ठरतो, आणि सगळी मेख या दमटपणात आहे. सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला धागा ‘ए’ रूपात असतो. ९० टक्क्यांच्या वर गेलात की तो पाणी पितो, लांबतो आणि ‘बी’ रूपात जातो. फ्रँकलिन येण्याआधीच्या फोटोंत ही दोन्ही रूपं मिसळलेली असत, म्हणून ते धड वाचता येत नसत. ती वेगळी करणं हे तिचं पहिलं मोठं काम. वॉटसनच्या पुस्तकात त्याला फारशी जागा नाही.

५१ क्रमांकाचा फोटो ‘बी’ रूपाचा. मे १९५२मध्ये तिच्या देखरेखीखाली तिचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग याने तो काढला. किरणांचा मारा सुमारे ६२ तास चालू होता. मधे दमटपणा घसरला असता तर दोन रूपांची खिचडी होऊन सगळं मुसळ केरात गेलं असतं. फिल्मवर उमटली काळ्या ठशांची एक फुली. हे वाचायचं कसं? फुली दिसली म्हणजे रेणूला पीळ आहे. फुलीतल्या आडव्या ओळींमधलं अंतर मोजलं की पिळाचा एक फेरा ३४ अँगस्ट्रॉमचा निघतो (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग). वरखाली दहाव्या ओळीवर जो गडद ठसा आहे, त्यावरून एकावर एक रचलेल्या ‘बेस’मधलं, म्हणजे दोन पेडांना आतून जोडणाऱ्या रासायनिक घटकांमधलं अंतर ३.४ अँगस्ट्रॉम, म्हणजे एका फेऱ्यात दहा. चौथी ओळ जवळजवळ गायब आहे. पेड दोन असून एकमेकांपासून सरकून बसले असतील तर असं होतं.

फ्रँकलिनने फोटो बाजूला ठेवला होता, कारण तिला आधी ‘ए’ रूपाची किचकट आकडेमोड पुरी करायची होती. १९५३च्या सुरुवातीला ती किंग्ज सोडून बर्कबेक कॉलेजात जायच्या तयारीत होती आणि गॉसलिंग विल्किन्सच्या हाताखाली येत होता. त्यामुळे फोटो विल्किन्सच्या हाती रीतसरच आला. ३० जानेवारीला त्याने तो वॉटसनला दाखवला, तिला न सांगता. वॉटसन लिहितो की पाहताच त्याच्या तोंडाचा आ झाला. प्रसंग वाचायला झकास आहे, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. त्या फुलीतून पीळ, फेरा आणि जाडी कळते. पेड एकाच दिशेने धावतात की उलट दिशांनी, आणि मधे कोणता बेस कोणासमोर बसतो, हे तिच्यात नाही.

पेडांची दिशा कळली ती अहवालातून. डिसेंबर १९५२मध्ये मेडिकल रिसर्च कौन्सिलची समिती किंग्जला भेट द्यायला गेली. त्या वेळी कामाचा जो अहवाल वाटला गेला, त्यात फ्रँकलिनने ‘ए’ रूपाच्या एकक कोषाची (स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान तुकड्याची) मापं आणि सममितीचा प्रकार दिला होता. केंब्रिजचा मॅक्स पेरुट्झ समितीवर होता. फेब्रुवारीत अहवाल त्याच्याकडून क्रिकच्या हातात पडला. क्रिकचा प्रबंध हिमोग्लोबिनवर होता आणि त्या स्फटिकांची सममिती नेमकी त्याच प्रकारची होती. म्हणून जे फ्रँकलिनला उमगलं नव्हतं ते त्याला वाचताक्षणी दिसलं : वरचं टोक खाली करून धरला तरी धागा तसाच दिसतो, म्हणजे एक पेड वर जाणारा आणि दुसरा खाली येणारा. पुस्तक आल्यावर पेरुट्झवर टीकेची झोड उठली. १९६९ साली ‘सायन्स’मध्ये त्याने खुलासा केला की अहवाल गोपनीय नव्हता, आपण अशा कारभारात नवखे आणि ढिले होतो. तरी किंग्जला विचारायला हवं होतं, असं आमचं मत.

बेसच्या जोड्या मात्र किंग्जच्या नाहीत. पाठ्यपुस्तकांत बेसची रूपं चुकीची छापली आहेत, हे त्याच खोलीत बसणाऱ्या जेरी डोनह्यूने सांगितलं. मग २८ फेब्रुवारीला वॉटसन पुठ्ठ्याचे तुकडे कापून टेबलावर सरकवत बसला आणि ॲडेनिन-थायमिन, ग्वानिन-सायटोसिन या दोन्ही जोड्या सारख्याच मापाच्या निघतात हे त्याला दिसलं. रसायनशास्त्रज्ञ एर्विन शारगाफने मोजलेली बेसची प्रमाणं त्याच्याशी जुळली.

२५ एप्रिल १९५३च्या ‘नेचर’मध्ये तीन निबंध ओळीने आले. फ्रँकलिन-गॉसलिंगचा तिसरा. वाचणाऱ्याला तो आधीच्याला दुजोरा देणारा वाटतो. तिच्या अप्रकाशित निष्कर्षांचा उल्लेख वॉटसन-क्रिकच्या निबंधात आहे, पण त्यांच्या ‘सर्वसाधारण स्वरूपाची’ माहिती आपल्याला प्रेरक ठरली, एवढ्याच शब्दांत. मापांचा अहवाल हातात होता, हे त्यात नाही. आक्षेप घ्यायचा तर या वाक्यावर घ्या. २०२३मध्ये मॅथ्यू कॉब आणि नॅथॅनिएल कम्फर्ट या अभ्यासकांनी जुने कागद पुन्हा तपासून ‘नेचर’मध्येच लिहिलं की फ्रँकलिन ही ठकवली गेलेली बिचारी नव्हती, चौघांतली बरोबरीची भागीदार होती. आम्हाला ते पटतं.

क्रिकला नोबेल मिळालं होतं, नाव झालं होतं. मग पुस्तकावर तो एवढा का भडकला? आणि हार्वर्डने छापायचं का सोडलं?
— निवृत्त प्राध्यापक, नागपूर

पहिल्या प्रकरणाच्या पहिल्याच वाक्यात वॉटसन म्हणतो की क्रिक कधी नम्र झालेला आपण पाहिला नाही. त्यामागोमाग त्याचा मोठा आवाज, खदाखदा हसणं, आणि त्याने वैतागलेला प्रयोगशाळाप्रमुख सर लॉरेन्स ब्रॅग. एवढ्यावरून चिडला असं मात्र समजू नका. १३ एप्रिल १९६७ रोजी क्रिकने वॉटसनला सहा पानी पत्र लिहिलं. त्याचा सूर साधारण असा : याला इतिहास म्हणत असाल तर तो बालिश आणि स्वतःभोवती फिरणारा आहे, विज्ञान बाजूला राहून चकाट्याच जास्त आहेत, खासगी आयुष्यात नाक खुपसलं आहे, आणि ही मैत्रीशी प्रतारणा आहे. पत्राच्या प्रती त्याने इतरांनाही पाठवल्या. विल्किन्सचाही विरोध होता.

प्रकाशनासाठी हार्वर्ड विद्यापीठाचा छापखाना तयार होता. विरोधाची पत्रं पोचल्यावर अध्यक्ष नेथन प्यूसी आणि विद्यापीठाच्या कारभारी मंडळाने त्याला मना केलं. शास्त्रज्ञांच्या आपसातल्या भांडणात विद्यापीठाने पडू नये, हे कारण. १९६८च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या अथेनियमने पुस्तक काढलं. त्याआधी ‘अटलांटिक मंथली’त दोन हप्त्यांत ते येऊन गेलं होतं. बंदी घातल्याची बातमी झाली आणि पुस्तकाचा खप वाढला. नेहमीचंच.

वॉटसनची एक चाल दाद देण्यासारखी. ज्या ब्रॅगची त्याने टर उडवली, त्याच्याचकडून प्रस्तावना लिहून घेतली. प्रमुखाने प्रस्तावना दिलेल्या पुस्तकावर हाताखालच्यांनी खटला कसा भरायचा? ब्रॅगनेही प्रस्तावनेत सौम्यपणे लिहून ठेवलं की यात ज्यांची नावं आहेत त्यांनी ते मोठ्या मनाने वाचावं.

क्रिकने पुढे याचं उट्टं गमतीत काढलं. आपणही एक पुस्तक लिहिणार होतो, नाव ‘ढिला स्क्रू’, असं त्याने १९७४मध्ये ‘नेचर’मध्ये सांगितलं. त्याचं पहिलं वाक्यही तयार होतं : जिमचे (म्हणजे वॉटसनचे) हात मुळातच वेंधळे, त्याला संत्रं सोलताना पाहिलं तरी पुरे. १९८८च्या त्याच्या स्वतःच्या आठवणींत तो बराच निवळलेला आहे. वॉटसनने रहस्यकथेसारखी पकड ठेवून विज्ञानही बरंच आत बसवलं, हे त्यात तो मोकळेपणाने मान्य करतो.

‘रोझी’चं चित्रण अन्यायाचं होतं असं सगळे म्हणतात. नेमकं चुकीचं काय, ते कोणी सांगत नाही.
— शिक्षिका, रत्नागिरी

नावापासून सुरुवात. तिच्यासमोर तिला ‘रोझी’ कोणी म्हणत नसे, आणि ते तिला चाललंही नसतं. पाठीमागे वापरलेलं नाव वॉटसनने पुस्तकभर चालवलं. क्रिकला फ्रान्सिस, विल्किन्सला मॉरिस आणि हिला टोपणनाव. म्हणून आम्ही इथे चौघांनाही आडनावच दिलं. तिच्या कपड्यांवर, केसांवर आणि लिपस्टिक न लावण्यावर वॉटसनने जी वाक्यं खर्ची घातली, त्यांना चूक-बरोबर लावण्यात अर्थ नाही.

वस्तुस्थितीची मोठी चूक मात्र दाखवता येते. फ्रँकलिन विल्किन्सची मदतनीस म्हणून आली आणि डोक्यावर बसली, असा पुस्तकाचा सूर आहे. ४ डिसेंबर १९५० रोजी किंग्जच्या जॉन रँडल या प्रमुखाने तिला पॅरिसला पत्र पाठवलं. त्यात स्पष्ट आहे की डीएनएच्या प्रायोगिक क्ष-किरण कामावर सध्या ती स्वतः आणि गॉसलिंग एवढेच असतील. हे पत्र विल्किन्सला दाखवलं गेलं नाही. जानेवारी १९५१मध्ये ती रुजू झाली तेव्हा तो रजेवर होता. परत येऊन पाहतो तर आपलं काम, आपला विद्यार्थी आणि आपण निवडून ठेवलेला डीएनए दुसऱ्याकडे. त्याला वाटलं मदतनीस आली. तिला वाटलं, आपल्या खात्यात हा का लुडबुडतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. घोळ रँडलने घातला आणि पुस्तकात तो तिच्या स्वभावावर गेला. कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला हे लगेच कळेल.

दुसरी चूक : तिला पीळ मान्यच नव्हता, असं पुस्तक वाचून वाटतं. तिने १९५२च्या जुलैमध्ये पिळाच्या ‘मृत्यू’ची थट्टेची चिठ्ठी काढली होती हे खरं, पण ती ‘ए’ रूपापुरती होती. बर्कबेकमधला तिचा सहकारी ॲरन क्लूग (पुढे १९८२चा नोबेलविजेता) याने १९६८मध्ये तिच्या वह्या उघडल्या. २४ फेब्रुवारी १९५३च्या नोंदींत दोन्ही रूपं दुपेडी असल्याचं ती मांडत होती. ‘बी’ रूपावरच्या निबंधाचा टंकलिखित खर्डा १७ मार्चचा आहे. केंब्रिजचा मजकूर किंग्जला पोचला त्याच्या आदल्या दिवशीचा. पेडांची उलटी दिशा आणि बेसच्या जोड्या तिच्यापाशी नव्हत्या. बाकी बरंच काही होतं.

आता वॉटसनच्या बाजूने दोन गोष्टी. पुस्तकाच्या उपसंहारात तो कबूल करतो की तिच्याबद्दलची आपली सुरुवातीची मतं, विज्ञानाची आणि माणूस म्हणूनचीही, बऱ्याचदा चुकीची होती. पण दोनशेवर पानं हसून शेवटच्या दोन पानांत टोपी काढणं, हा हिशोब जमत नाही. दुसरं, तिची मैत्रीण ॲन सेयर हिने १९७५मध्ये उत्तरादाखल चरित्र लिहिलं, त्यातही लंबक दुसऱ्या टोकाला गेला. किंग्जमध्ये जणू स्त्रियाच नव्हत्या, असं त्यावरून वाटतं. नंतर नोंदी तपासल्या तेव्हा तिथे बऱ्याच जणी संशोधक होत्या असं दिसलं. समतोल हवा असेल तर ब्रेंडा मॅडॉक्सने लिहिलेलं २००२चं चरित्र वाचा.

एक बाब ध्यानात घ्या. क्रिक, विल्किन्स, ब्रॅग यांना खर्डा वाचायला मिळाला. त्यांनी पत्रं लिहिली, मजकुरात बदल झाले, वकिलांनी वाक्यं बोथट केली. फ्रँकलिनला जाऊन दहा वर्षं झाली होती, आणि इंग्लंडच्या कायद्यात मृताची बदनामी होत नाही. तिच्याबद्दलच्या वाक्यांवर बोलायला कोणी नव्हतं. त्यामुळे पुस्तकात सर्वांत धारदार चित्र नेमकं तिचंच उरलं.

ती जिवंत असती तर नोबेल मिळालं असतं का?
— वाचक, मडगाव

एका पारितोषिकाचे तीनापेक्षा जास्त वाटे होत नाहीत. १९६२ साली वैद्यक आणि रसायन ही दोन्ही पारितोषिकं मुख्यतः केंब्रिजकडे वळली, रसायनाचं पेरुट्झ आणि केंड्र्यूला. चार माणसं दोन पारितोषिकांत बसवता आली असती. पण बसवली असती का, हे सांगणं म्हणजे पत्रिका मांडणं.

मी संशोधन संस्थेतून निवृत्त झालो आहे. आठवणी मराठीत लिहितो आहे. सहकाऱ्यांबद्दल खरं लिहायचं आहे, पण कोर्टकचेरी नको आणि अन्यायही नको. काय काळजी घ्यावी?
— निवृत्त शास्त्रज्ञ, पुणे

कोणत्या संस्थेतून, ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि पहिला फरक तिथेच पडतो. संस्था माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे गुप्तचर-सुरक्षा संस्थांच्या यादीत असेल (डीआरडीओ आहे, म्हणजे पुण्यातल्या तिच्या प्रयोगशाळाही आल्या), तर निवृत्तिवेतन नियमांतल्या २०२१च्या दुरुस्तीनुसार संस्थाप्रमुखाची पूर्वपरवानगी लागते. फक्त तांत्रिक माहितीलाच नाही. तिथल्या माणसांचा आणि त्यांच्या हुद्द्यांचा उल्लेखसुद्धा त्या नियमात येतो. लेखी हमी दिलेली असते आणि ती मोडली तर निवृत्तिवेतनावर गदा येऊ शकते. तेव्हा आधी परवानगी, मग प्रकाशक.

आता खर्डा. प्रत्येक प्रसंगापुढे समासात दोन खुणा करा : हे त्या दिवशी मला माहीत होतं, की नंतर कळलं? वॉटसनने जाणूनबुजून ‘तेव्हा वाटलं तसं’ लिहिलं. ती पद्धत चालते, पण मग नंतर कळलेलं त्याच पानावर यायला हवं. उपसंहारापर्यंत थांबलात तर वाचक तोवर मत बनवून मोकळा झालेला असतो. अवतरणचिन्हांत संवाद टाकायचा असेल तर त्याच दिवशीची किंवा आठवड्याभरातली नोंद हवी. नसेल तर आशय सांगा, चिन्हं काढा. तीस वर्षांपूर्वीचं वाक्य शब्दशः आठवतं असं ज्यांना वाटतं, त्यांना ते सहसा स्वतःच्या सोयीचं आठवतं.

कोण कोणाच्या हाताखाली होतं, हे स्मरणावर सोडू नका. नेमणूकपत्र, प्रकल्पाचा मंजुरी आदेश, बैठकीचं इतिवृत्त, प्रयोगवहीतली तारीख, यांपैकी एक तरी कागद शोधा. रँडलचं एक पत्र विल्किन्सने १९५१मध्ये पाहिलं असतं तर वॉटसनच्या पुस्तकातली निम्मी भांडणं उगवलीच नसती. ‘कल्पना माझी, नाव त्यांचं’ छापाच्या वाक्यासाठी तर दोन कागद हवेत : तुम्ही ती कधी मांडलीत याचा, आणि ती त्यांच्यापर्यंत पोचली होती याचा. बऱ्याचदा पहिला सापडतो, दुसरा नाही.

ज्यांच्याबद्दल बोचरं लिहिलं आहे त्यांना ती पानं पाठवा. सगळा खर्डा नको. प्रसंगाचं पान, त्याच्या मागचं आणि पुढचं. सहा आठवडे द्या. ‘काही आक्षेप आहे का’ असं विचारू नका, आक्षेप प्रत्येकालाच असतो. विचारा : तारीख-हुद्दा चुकला आहे का, तुम्हाला ठाऊक असलेला एखादा कागद मी पाहिलेला नाही का, आणि तुमचं म्हणणं दोन वाक्यांत तळटीपेत देऊ का? उत्तर आलं नाही तर पोचपावती जपून ठेवा. गेलेल्या माणसाच्या बाबतीत हीच पानं त्यांच्या जवळच्या विद्यार्थ्याला किंवा सहकाऱ्याला पाठवा, म्हणजे त्यांच्या बाजूचा क्लूग शोधा. कुटुंबीय प्रेमाने बोलतील, पण प्रयोगवही कुठे आहे ते बहुधा विद्यार्थ्यालाच माहीत असतं.

कायद्याचं थोडक्यात. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ (पूर्वीचं भादंवि ४९९-५००) बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा सांगतं. यात दोन ठिकाणी लोक फसतात. एक, फौजदारी खटल्यात ‘खरं आहे’ एवढं पुरत नाही, ते प्रसिद्ध होणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यात मात्र सत्य सिद्ध केलं की पुरतं. दोन, इंग्लंडपेक्षा आपल्याकडे वेगळं आहे : मृताची बदनामीसुद्धा गुन्हा ठरू शकते, जर ती व्यक्ती हयात असती तर तिच्या लौकिकाला धक्का बसला असता आणि जवळच्यांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल. म्हणजे फ्रँकलिनवरची ती पानं पुण्यात छापायची असती तर वकिलाने ती बाजूला काढून ठेवली असती.

नाव बदलून सुटका होत नाही. ‘डॉ. क्ष’ लिहिलं आणि विभाग, वर्ष, विषय आणि पानाचा डबा तोच ठेवला, तर प्रयोगशाळेतला शिपाईही ओळखतो, आणि ओळखता येणं एवढंच कोर्टाला पुरतं. बदलायचं तर दोन-तीन खुणा बदला, किंवा सरळ नाव घेऊन कागद जोडा. आमचा कल दुसऱ्याकडे.

पत्रं आणि ईमेल : तुम्हाला आलेलं पत्र तुमचं, पण त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्यानंतर वारसांचा. पूर्ण पत्र छापायला लेखी परवानगी घ्या. एखाददुसरं वाक्य उद्धृत करून त्यावर चर्चा करणं वेगळं. तिथेही खासगी, आजवर न छापलेलं पत्र असेल तर विचारलेलं बरं.

पुस्तक कोणत्या आवृत्तीत वाचावं?
— ग्रंथपाल, सोलापूर

गुंथर स्टेंटने संपादित केलेली १९८०ची नॉर्टन आवृत्ती घ्या. मूळ मजकुरासोबत ‘नेचर’चे निबंध, क्रिक आणि क्लूगचे लेख आणि त्या वेळची परीक्षणं तिच्यात आहेत. पीटर मेडावरचं परीक्षण पुस्तकाच्या बाजूने झुकणारं आणि लेखन म्हणून उत्तम आहे. सर्वांत झोंबरं शारगाफचं. तो स्वतःच पुस्तकातलं एक पात्र, त्याने पुनर्मुद्रणाला परवानगी नाकारली, त्यामुळे ते तिथे सापडणार नाही. मार्च १९६८च्या ‘सायन्स’चा जुना अंक काढावा लागेल. ग्रंथालयाचं बजेट असेल तर २०१२ची सचित्र, टिपांची आवृत्तीही घ्या. तिच्यात उशिरा सापडलेली पत्रं आहेत आणि वॉटसनच्या वाक्याशेजारीच खरी तारीख वाचता येते.

पुस्तकाचं आधीचं नाव ‘ऑनेस्ट जिम’ होतं म्हणे. ही स्वतःचीच स्तुती नव्हे का?
— वाचक, ठाणे

स्तुती नाही, टोमणा आहे, आणि दुसऱ्याने मारलेला. १९५५च्या उन्हाळ्यात वॉटसन आल्प्समध्ये डोंगर चढत होता. समोरून उतरणाऱ्या मंडळींत विली सीड्स होता. सीड्स किंग्जचा, विल्किन्ससोबत काम केलेला, म्हणजे कोणाची माहिती कुठे गेली हे जवळून पाहिलेला. थांबून दोन शब्द बोलेल असं वॉटसनला वाटलं. सीड्सने ‘काय, प्रामाणिक जिम कसा काय?’ एवढंच विचारलं आणि तो भराभर खाली उतरून गेला. वॉटसनने पुस्तकाची सुरुवात याच प्रसंगाने केली आणि तोच टोमणा शीर्षक म्हणून लावायचं ठरवलं. शीर्षक शेवटी बदललं. पण तो प्रसंग पुस्तकात आजही पहिल्या पानावर आहे, आणि सीड्स असं का म्हणाला, हे वॉटसनने तिथे सांगितलेलं नाही.